अस्मारा ते तूरिन

आफ्रिकेच्या पूर्वेकडील एरिट्रिया या लहानशा देशाचें नांव आपल्याकडे क्वचितच कानीं पडतें. त्याची राजधानी अस्मारा ही सुमारें २३०० मीटर उंचीवर वसली आहे. तेथील विरळ हवेंत सायकल चालविणें म्हणजे छातीला घरबसल्या तालीमच. सायकल तेथें नेली इटालियन राज्यकर्त्यांनीं. आरंभीं शर्यती त्यांच्या त्यांच्यांतच होत. १९३९ सालीं एका शर्यतींत एरिट्रियन लोकांनाहि उतरूं दिलें, आणि ती जिंकली एरिट्रियन स्वारानेंच! गुणांची वाण तेव्हांहि नव्हती; वाण होती ती संधीची.

याच अस्मारांत २ एप्रिल २००० रोजीं बिनियाम गिरमाय याचा जन्म झाला. कुमारवयांतच त्याचे गुण हेरून आंतरराष्ट्रीय सायकल-संघानें त्याला स्वित्झर्लंडमधील एग्ल येथील आपल्या शिक्षणकेंद्रांत घेतलें. २०१८ सालीं बेल्जममधील कुमारांच्या शर्यतींत एका टप्प्यांत त्यानें रेम्को एव्हनपूल याला मागें टाकलें. हा एव्हनपूल त्याच वर्षीं कुमारांचा जगज्जेता झाला, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या विजयाचें मोल कळतें. २०२१ सालीं तेवीस वर्षांखालील तरुणांच्या जागतिक शर्यतींत गिरमाय दुसरा आला.

२७ मार्च २०२२ रोजीं मात्र सारें युरोप चकित झालें. बेल्जममधील गेंट-वेव्हेलगेम ही सुमारें अडीचशे कि.मी.ची, फरसबंद चढांची शर्यत त्यानें जिंकली. पुढच्याच रविवारीं त्याहूनहि मोठी फ्लँडर्सची शर्यत होती. त्यानें राहावें म्हणून चाहत्यांनीं धोशा लावला. परंतु पत्नी व लहानगी मुलगी अस्मारास होत्या, आणि कित्येक दिवसांत त्यांची भेट नव्हती. ठरल्याप्रमाणें तो घरीं गेला. आमच्या मतें त्याचा हा निश्चय त्या विजयाइतकाच मोठा होय. परमुलखांत नांव काढणाऱ्या मुलाचा पाट घरच्या पंगतींत रिकामा राहतो, हें वाचकांपैकीं पुष्कळांना अनुभवानें ठाऊक असेल.

त्याच वर्षीं मे महिन्यांत इटलींतील 'जिरो' शर्यतीचा एक टप्पा त्यानें जिंकला. पण विजयमंचावर बाटली उघडतांना तिचें बूच त्याच्याच डोळ्यावर आदळलें, व त्याला शर्यत सोडावी लागली. दैवाची अशी थट्टा विरळाच!

१ जुलै २०२४ रोजीं 'टूर द फ्रान्स'चा तिसरा टप्पा इटलींतील तूरिन येथें संपला, तो गिरमायनें जिंकला. त्या शर्यतीचा टप्पा जिंकणारा हा पहिलाच कृष्णवर्णीय आफ्रिकन. पुढें आणखी दोन टप्पे त्यानें मारले, आणि सर्वाधिक गुण मिळविणाऱ्यास मिळणारी हिरवी जर्सी अंगावर घेऊनच त्यानें नीस गांठलें.