दळणाचा डबा

गावात पिठाची गिरणी आली तेव्हा आजीनं गिरणीवाल्याला नारळ दिला होता, असं आई सांगायची. तो काळ माझ्या जन्माआधीचा. मला आठवतं ते १९७२. दुष्काळाचं साल, रेशनवर तांबडी मिलो ज्वारी, आणि त्यातच गिरणीचं इंजिन बिघडलेलं. आजीनं पोत्यांमागचं जातं ओढून काढलं, खुंटा ठोकून घट्ट केला आणि पहाटे दळायला बसली.

घरघरीनं मला जाग आली. कंदिलाच्या उजेडात आई आणि आजी समोरासमोर, एकाच खुंट्याला दोघींचे हात. आजी मधूनच मूठभर वैरण घालायची आणि तोंडानं ओवी चालू. भावाची, पंढरीची, आणि मग चक्क आजोबांची. आजोबांनी कधीकाळी तिला माहेरी जाऊ दिलं नव्हतं, ते सगळं त्या ओवीत निघालं. आजोबा पलीकडच्या खोलीत जागेच असणार. दिवसा त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू न देणारी आजी ती हीच का, असं मला वाटून गेलं.

आठ-दहा दिवसांनी इंजिन सुरू झालं आणि जातं पुन्हा पोत्यांमागे गेलं. पुढे कितीदा तरी मी म्हटलं, आजी, ओवी म्हण ना. ती म्हणायची, “अगं, हात फिरल्याबिगर तोंड कसं उघडंल?”

पण जातं गेल्याचं तिला काडीचं दुःख नव्हतं, हे इथेच सांगून टाकते. नऊ माणसांच्या घराला रोज तीनेक किलो पीठ, म्हणजे झुंजुमुंजू व्हायच्या आधी दोन तासांचं दळण. पोटुशी असो की बाळंतपणातून नुकती उठलेली असो, ते चुकायचं नाही. तिच्या तळहाताला शेवटपर्यंत घट्टे होते. जात्यासाठी गळे काढणाऱ्यांनी ते आठवडाभर ओढून बघावं आणि मग लिहावं.

तरीही काहीतरी गेलं, आणि ते कुणी मोजलं नाही. म्हणजे जवळजवळ कुणी नाही. साने गुरुजींनी बायकांच्या ओव्या गोळा केल्या, सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्याचं केवढं तरी काम केलं. पुण्यात हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांना घेऊन गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. १९९०च्या दशकात बर्नार बेल यांच्या साथीनं त्यांतल्या कितीतरी ध्वनिमुद्रित झाल्या, आणि २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारतावरच्या संकेतस्थळानं त्या लोकांसमोर आणल्या. मी त्या ऐकते. सासू, नवरा, भाऊ, विठ्ठल हे तर आहेतच. माजलगावच्या बायकांच्या ओव्यांत बाबासाहेब आंबेडकर आहेत. ऐकता ऐकता लक्षात येतं, की घरात बाईला कुणी न अडवता बोलता येईल अशी जागा बहुधा ही एकच होती. जात्याच्या आवाजाच्या आडून बोलायचं. गिरणीनं दोन तास वाचवले. त्या दोन तासांत आजी शेणकूर करू लागली. बोलण्याची वेळ तेवढी कुणी परत दिली नाही.

थोडी मात्र गिरणीत मिळाली. दळणाचे डबे रांगेत लावून बायका बाहेरच्या ओट्यावर टेकायच्या. कुणाची सून नांदत नाही, कुणाच्या घरी वाटण्या झाल्या, सगळं तिथे कळायचं. “ज्वारीवर ज्वारीच टाका हो, डाळीवर नको,” हे प्रत्येकीनं एकदा ओरडून सांगायचं आणि पापण्यांपर्यंत पांढऱ्या झालेल्या गिरणीवाल्यानं ऐकलंच नाही असं दाखवायचं. दगडाला नुकती टाकी लावली असेल तर पहिलं दळण कुणाचं यावरून भांडण, कारण त्या पिठात कचकच यायची. दळण आणायचं काम माझं. थंडीत गरम पिठाचा डबा पोटाशी धरून चालण्यासारखं सुख नव्हतं.

लग्नानंतर १९८९ साली मी पुण्यात आले. इथेही गल्लीच्या टोकाला गिरणी होती, पण लोक डबा ठेवून जायचे आणि संध्याकाळी न्यायचे. ओटा नव्हताच. २००६ मध्ये आम्ही घरघंटी घेतली. नोकरी करणाऱ्या बाईला ती देवासारखी वाटली, खोटं कशाला बोलू? फक्त ती दळत असताना आम्ही गॅलरीचं दार लावून घ्यायचो, टीव्हीचं ऐकू यायचं नाही म्हणून. पुढे तिचा पट्टा तुटला आणि तो बदलायलाही कुणाला सवड झाली नाही, इतकं पाकिटातलं पीठ सोयीचं झालं होतं.

त्या पाकिटानं एक गोष्ट गुपचूप केली. गव्हाचं पीठ महिनाभर चालतं. ज्वारीचं जुनं झालं की त्याची विरी जाते. थापताना भाकरी चिरते, कडा फाटतात. आमच्यासारख्या सोलापूरकडच्या माणसांच्या घरात भाकरी रविवारपुरती उरली ती आवड बदलली म्हणून नव्हे, ताजं पीठ दाराशी राहिलं नाही म्हणून. आता फोनवर बोट दाबलं की दहा-पंधरा मिनिटांत पीठ येतं. आणणारा मुलगा पिशवी दाराच्या कडीला अडकवतो, बेल वाजवतो आणि मी दार उघडेपर्यंत लिफ्टमध्ये शिरलेला असतो.

गेल्या वर्षी भाचीचं लग्न झालं. घाणा भरायचा म्हणून डेकोरेटरकडून भाड्यानं जातं आणलं. रंगवलेलं, खुंट्याला गोंडे. पाच सवाशिणींनी हात लावले. ओवी कुणालाच येईना, तेव्हा एकीनं मोबाइलवर शोधून वाचून दाखवली. मी वाकून हळकुंडांचे तुकडे वैरणीसारखे घातले आणि जातं फिरवलं. दगड गुळगुळीत, कित्येक वर्षांत टाकी पाहिलेली नसावी; तुकडे होते तसेच बाहेर आले. डेकोरेटरचा पोऱ्या लगबगीनं पुढे आला. “मावशी, खरी हळद नका घालू, डाग पडतात. उद्या दुसरीकडं जायचंय ते.”

नवरीला लावायची हळद ताटात आधीच होती, पाकिटातली.