संकेतवाक्य आणि निरपराध वक्ता : एका युद्धकालीन चित्रपटाच्या निमित्ताने

वाक्याचा अर्थ कोणाच्या मालकीचा असतो? बोलणाऱ्याच्या, ऐकणाऱ्याच्या, की ज्या समाजाने शब्द व अर्थ यांची सांगड घातली त्या समाजाच्या? हा प्रश्न अर्थविचाराच्या अभ्यासकांना नवा नाही. परंतु ग्रंथांत तो बहुधा घट, पट आणि अश्व यांच्या सोबतीने येतो, आणि त्यामुळे त्याच्या उत्तरावर एखाद्याचे प्राणही अवलंबून असू शकतात हे ध्यानी येत नाही. फ्रिट्झ लांग यांच्या ‘मिनिस्ट्री ऑफ फिअर’ (१९४४) या चित्रपटाकडे या दृष्टीने पाहणे उद्‌बोधक ठरेल. ग्रॅहम ग्रीन यांच्या १९४३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच नावाच्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. लांग यांनी स्वतः १९३३ मध्ये नाझी राजवटीतील जर्मनी सोडली होती, हेही येथे लक्षात ठेवावे.

कथेचा आरंभ असा. स्टीफन नील हा गृहस्थ मनोरुग्णालयातून नुकताच बाहेर पडला आहे. असाध्य रोगाने पीडित पत्नीच्या मृत्यूच्या प्रकरणात त्याला तेथे ठेवण्यात आले होते. पुन्हा पोलिसांच्या वाटेस जाऊ नये, अशी त्याला ताकीद मिळालेली आहे. लंडनची गाडी येईपर्यंत वेळ काढावा म्हणून तो गावातील एका धर्मादाय जत्रेत शिरतो आणि तेथील ज्योतिषिणीपुढे बसतो. भूतकाळ नको, भविष्य सांगा, अशा अर्थाचे काहीतरी तो तिला म्हणतो. ज्याचा भूतकाळ दुःखद आहे अशा माणसाच्या तोंडी हे अगदी स्वाभाविक आहे. पण ज्योतिषीण चपापते आणि जत्रेत पैजेला ठेवलेल्या केकचे अचूक वजन त्याला सांगून टाकते. नील केक जिंकतो. त्या केकमध्ये शत्रूच्या हेरांनी लष्करी गुपितांची सूक्ष्म फिल्म दडविलेली असते, आणि नीलच्या तोंडून सहज निघालेले वाक्य हेच त्या हेरांचे ओळखवाक्य असते. तेव्हापासून हेर त्याच्या पाठीस लागतात. पुढे एका प्रेतावाहन-बैठकीत, दिवे मालवलेले असताना, एक मनुष्य गोळी लागून पडल्याचा देखावा होतो आणि खुनाचा आळ नीलवर येतो. आता हेर मागे आहेत, आणि पोलिसांकडे जाण्याची सोय नाही.

आपल्या परंपरेत या प्रसंगाचे विश्लेषण कसे होईल? नैयायिकांच्या मते शाब्दबोधास आकांक्षा, योग्यता व आसत्ति यांच्याबरोबर तात्पर्यज्ञानही लागते, आणि तात्पर्य म्हणजे वक्त्याची इच्छा. ‘सैंधव आण’ असे कोणी म्हटले तर मीठ आणावयाचे की घोडा, हे त्या इच्छेवरून ठरते. यावर आक्षेप निघाला, की पोपट वाक्य बोलतो तेव्हा काय? त्याला तर कोणतीच विवक्षा नसते, तरी ऐकणाऱ्यास अर्थबोध होतो. सतराव्या शतकातील विश्वनाथ पंचाननांच्या ‘सिद्धान्तमुक्तावली’त याचे उत्तर आहे. पोपटाचे वाक्य वस्तुस्थितीशी जुळत असेल तर तेथे ईश्वराचे तात्पर्य मानावे, आणि जुळत नसेल तर ज्याने त्याला पढविले त्याचे.

ज्योतिषिणीच्या दृष्टीने नील हा असा पढविलेला पोपट आहे. त्याच्या वाक्यामागे ती शिकविणाऱ्याचे, म्हणजे हेरमंडळाचे, तात्पर्य पाहते. परंतु त्याला कोणी पढविलेले नाही. शिवाय त्याला स्वतःची विवक्षा आहे, आणि ती त्याच्या शब्दांच्या वाच्यार्थात पुरती सामावलेली आहे. एकच वाक्य येथे दोन भाषांत एकाच वेळी उच्चारले गेले आहे, आणि वक्त्याला त्यांपैकी एकच भाषा येते.

हा दुसरा अर्थ व्यंजनेने आला, असे कोणी म्हणेल. ते बरोबर नाही. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त दिलेले सूर्यास्ताचे उदाहरण सर्वपरिचित आहे. सूर्य मावळला एवढे एकच विधान राजा, अभिसारिका व गुराखी यांना वेगवेगळे सुचविते. परंतु तेथे प्रत्येक व्यंग्यार्थाला वाच्यार्थाचा आधार आहे. अंधार पडतो म्हणून गुरे परतवावयाची आणि अंधार पडतो म्हणूनच अभिसारिकेने निघावयाचे. प्रसंग ठाऊक असलेला कोणीही हा अर्थ तर्काने गाठू शकतो. गुप्त संकेताचे याच्या नेमके उलट असते. भविष्य सांगा या वाक्यातून केकचे वजन कोणत्याही सहृदयास सुचणार नाही, आणि सुचू लागले तर तो संकेत निकामी झाला. शास्त्रकार जिला आधुनिक संकेत किंवा परिभाषा म्हणतात, तिचाच हा एक प्रकार आहे. शास्त्राची परिभाषा आपण परिभाषा असल्याचे उघड सांगते, तर हेराची परिभाषा नेहमीच्या बोलण्याचा वेष घेते, एवढाच काय तो भेद.

मराठी भाषकांना अशा परिभाषा अपरिचित नाहीत. व्यापाऱ्यांची नंदभाषा, उपरण्याखाली बोटे धरून भाव ठरविण्याचा हत्ता, करपल्लवी, मुलांची ‘च’ची भाषा ही सारी त्याच कुळातील होत. मात्र ही उदाहरणे ऐकताक्षणी वा पाहताक्षणी आपण गुप्त असल्याचे जाहीर करतात. अर्थ कळला नाही, तरी काही लपविले जात आहे हे बाजूच्या गिऱ्हाइकास कळते. संकेतवाक्य याहून सूक्ष्म होय. वसईजवळच्या उमेळ्यातील एखादा बागायतदार उद्या केळीचे घड उतरवायचे आहेत असे म्हणाला, तर त्यात लपविलेले काही आहे अशी शंकाही कोणास येणार नाही. म्हणूनच हेराला असले वाक्य हवे असते, आणि म्हणूनच निरपराध माणसाच्या तोंडी ते सापडण्याचा धोका असतो.

आपल्या इतिहासातील एक उदाहरण येथे ताडून पाहण्याजोगे आहे. २२ जून १८९७ च्या रात्री पुण्यास गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकर बंधूंनी रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्या वेळी इशाऱ्यासाठी वापरलेला ‘गोंद्या’ हा शब्द मराठी माणसाच्या स्मरणात आहे. गोविंदाचे हे घरगुती रूप त्या काळी कोणत्याही आळीत हाकेसरशी ऐकू आले असते, आणि त्याच्या या सामान्यपणातच त्याची उपयुक्तता होती. जयू व नचिकेत पटवर्धन यांनी १९७९ मध्ये याच विषयावर ‘२२ जून १८९७’ हा मराठी चित्रपट काढला. त्यातील फरारी मनुष्य संकेत ठरविणाऱ्यांपैकी आहे. शब्दाचे दोन्ही अर्थ त्याला ठाऊक आहेत, आणि त्याचा घात होतो तो उघड भाषेत, वीस हजार रुपयांच्या इनामाच्या काळात, द्रविड बंधूंनी दिलेल्या माहितीने. नीलची स्थिती याच्या उलट आहे. ज्या संकेतामुळे तो पळत आहे, तो कोणी आणि कशासाठी ठरविला हे त्याला माहीत नाही. ते शोधून काढणे हाच त्याच्या सुटकेचा एकमेव मार्ग होय.

तो मार्ग त्याला एका शिंप्याच्या दुकानात सापडतो. बैठकीत मेलेला म्हणून पाहिलेला मनुष्यच तेथे शिंपी म्हणून उभा असतो. पोलिसांच्या देखत तो लांब कात्रीच्या टोकाने दूरध्वनीची तबकडी फिरवितो आणि गिऱ्हाइकाशी नव्या कोटाबद्दल बोलतो. बोलणे सर्वस्वी शिंप्याचे आहे. परंतु आरंभीचा नील आणि हा नील यांत आता फरक पडला आहे. वाच्यार्थाआड दुसरा अर्थ असू शकतो हे तो शिकला आहे. तो ध्यानात ठेवलेला क्रमांक फिरवून पाहतो, आणि पलीकडून ज्या स्त्रीवर त्याने विश्वास टाकला आहे तिचाच आवाज येतो. फिल्म त्या कोटात शिवलेली असते, आणि कोट तिच्या भावाचा असतो.

येथे कथानकाची गाठ सुटते, पण अर्थविचाराचा प्रश्न सुटत नाही. आपल्या बोलण्यात अमुक विवक्षा होती हे मनुष्य कसेबसे सिद्ध करू शकतो. अमुक विवक्षा नव्हती हे सिद्ध करण्याचे साधन भाषेत नाही, कारण त्यासाठी जे वाक्य उच्चारावे त्याच्यावरही तोच संशय घेता येतो. युद्धकाळात, किंवा हेर आणि खबरे यांनी व्यापलेल्या कोणत्याही काळात, सर्वसामान्य माणसाची खरी हानी होते ती येथे. त्याचे साधे बोलणे साधे राहत नाही, आणि जो ते ऐकतो त्याचे ऐकणेही साधे राहत नाही. नील वाचतो, परंतु वाचण्यासाठी त्याला शिंप्याच्या बोलण्यातही कपट ऐकावयास शिकावे लागते.

वाच्यार्थ ही शब्दाची पहिली आणि सर्वांत सोपी वृत्ती, असे आपण वर्गात शिकवितो. ती सोपी आहे खरी. परंतु ती परस्परविश्वासावर उभी आहे, आणि तो विश्वास ढळला की सर्वांत आधी तीच ढासळते, हेही त्याबरोबर शिकविले पाहिजे.