कोल्ह्याचा फासा आणि कातड्याची निगा : सोनगीर परिसराच्या संदर्भात

उत्तर अमेरिकेच्या माळरानांत कोयोट हा कोल्ह्याच्या जातकुळीचा प्राणी सापळ्यात धरणे व त्याचे केसाळ कातडे स्वतःच साफ करून विकणे, हा ग्रामीण भागातील एक रूढ हिवाळी जोडधंदा आहे. धुळ्याच्या उत्तरेस, मुंबई–आग्रा महामार्गावर वसलेले व तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेले सोनगीर आणि त्याभोवतीचा कोरडा माळ यांत कोयोटचा भाऊबंद पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहे. फासे लावण्यात निष्णात अशी जमातही खानदेशात आहे. तरीही येथे केसाळ कातड्यांचा धंदा नावारूपास आला नाही. असे का व्हावे, येथील फाशाचे शास्त्र कोणते होते आणि आज त्याची स्थिती काय आहे, यांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम नावांविषयी. मराठीत ज्यास आपण कोल्हा म्हणतो, तो शास्त्रीय भाषेत कॅनिस ऑरियस होय. त्याहून लहान व नाजूक बांध्याचे खोकड ते व्हल्पीस बेंगालेन्सिस. कॅनिस लॅट्रन्स हा कोयोट व आपला कोल्हा एकाच प्रजातीगटातील असून दोघांच्या सवयींत विलक्षण साम्य आहे. दोघेही सर्वभक्षी, दोघेही मनुष्यवस्तीच्या कडेने राहण्यात तरबेज. आपला कोल्हा उंदीर, ससे, मृत जनावरे यांबरोबर बोरे, मका, ऊस व कलिंगडेही खातो. म्हणून शेतकऱ्याच्या दृष्टीने तो कधी उंदरांचा शत्रू, तर कधी पिकाचा चोर ठरतो.

आता केसांविषयी. सस्तन प्राण्याच्या अंगावर सामान्यतः दोन प्रकारचे केस असतात : वरचे लांब व राठ केस आणि त्यांखालची मऊ, दाट लव. व्यापारात मोल असते ते मुख्यतः या लवेला. कडक हिवाळ्याच्या प्रदेशात थंडीच्या तोंडावर ही लव भरगच्च वाढते. म्हणूनच तेथील सापळे त्या ऋतूतच लागतात. तापीच्या खोऱ्यातील उन्हाळा प्रखर व हिवाळा अल्पकालीन असल्याने येथील कोल्ह्यास दाट लवेची गरजच पडत नाही. परिणामी त्याचे कातडे विरळ व खरखरीत राहते. धंदा न उभा राहण्याचे मूळ कारण कौशल्याच्या अभावात नसून हवामानात आहे.

कौशल्याची साक्ष पारधी समाज देतो. रसेल व हिरालाल यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या समाजाच्या अनेक शाखा नोंदल्या आहेत. त्यांपैकी फासेपारधी ही शाखा नावाप्रमाणेच फाशावर जगणारी. फाशाचे तत्त्व साधे आहे. वन्य प्राणी ठरावीक वाटेने जातो. कुंपणातील फट, नाल्याचा काठ, दोन शेतांमधील बांध या त्याच्या नेहमीच्या जागा. तेथील गाठ प्राण्याच्या स्वतःच्या ओढीनेच आवळते. त्यास यंत्राची गरज नसते. खरी विद्या गाठीत नसून वाट ओळखण्यात आहे. हरणांच्या शिकारीत पारधी कळप फाशांकडे हाकीत असत, म्हणजे पकड होताना शिकारी तेथेच असे. आज शेताच्या कडेला मोटारसायकलच्या तारेचा फासा लावून माणूस घरी निघून जातो, तेव्हा त्या तारेत कोल्हा अडकेल, बिबट्या अडकेल, की गावचे कुत्रे, याचा विवेक करणारे कोणी उरत नाही. जुन्या व नव्या पद्धतींतील महत्त्वाचा भेद हाच होय.

कातड्याच्या निगेमागील शास्त्र मात्र प्राण्यागणिक फारसे बदलत नाही. मृत्यूनंतर काही तासांतच जीवाणू कातड्याच्या आतील बाजूस वाढू लागतात व केसांची मुळे सैल होऊन केस गळतात. म्हणून प्रथम मांस व चरबी खरवडून काढतात, मग मीठ चोळतात. मीठ पाणी शोषून घेते व जीवाणूंची वाढ रोखते. त्यानंतर कातडे सावलीत, हवेशीर जागी ताणून वाळवितात; उन्हात ते बाहेरून कडक होते व आत ओल राहून कुजते. जोड्याचे वा मोटेचे चामडे करावयाचे तर चुन्याच्या निवळीने केस काढून बाभळीच्या वा तरवडाच्या सालीतील टॅनिनने ते कमावीत. केस राखावयाचे असल्यास चुना वर्ज्य; तेथे तुरटी व मीठ यांचे मिश्रण वापरीत. तुरटीने कमावलेले कातडे पांढरे व मऊ होते, परंतु पाण्याने तुरटी धुपून जाते.

ही विद्या बाळगणाऱ्यांच्या वाट्यास काय आले, हे अभ्यासकाने विसरू नये. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या परंपरेतील नियमांखाली पारध्यांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी शिक्का पुसला गेला नाही. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने फासा, सापळा व आमिष या सर्वांस 'शिकार' या व्याख्येत आणले. २०२२ च्या दुरुस्तीनंतर कोल्हा पहिल्या अनुसूचीत आहे. त्यास धरणे वा त्याचे कातडे बाळगणे हा गुन्हा आहे. वन्यप्राण्याचे अवशेष शासनाची मालमत्ता समजले जातात. 'कोल्ह्याचे शिंग' म्हणून बाजारात विकली जाणारी वस्तूही याच कक्षेत येते. कोल्ह्यास शिंग नसते, हे वेगळे सांगावयास नको. ज्यांची उपजीविका या कायद्याने बंद झाली, त्यांस पर्यायी उपजीविका मिळाली काय, हा प्रश्न मात्र संरक्षणाच्या चर्चेत बहुधा बाजूस राहतो.

तेव्हा या विषयात पदार्पण करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने सापळा नव्हे, तर नोंदवही हाती घ्यावी. पाऊलखुणा, विष्ठा व रात्रीची कोल्हेकुई यांवरून कोल्ह्याचा वावर जाणता येतो. महामार्गावर मृत कोल्हा आढळल्यास त्यास हात न लावता वनखात्यास कळवावे. रेबीजचा धोका असतो, आणि कायद्याचाही प्रश्न आहे. प्राणी पकडण्यावाचून संशोधन होतच नसेल, तर अधिनियमाच्या बाराव्या कलमाखाली रीतसर परवानगी घेणे अनिवार्य आहे. आणि ज्या वृद्ध पारध्यास वाट ओळखता येते, त्याच्याकडे संशयित म्हणून नव्हे, तर जाणकार म्हणून जावे. माळावरच्या कोणत्या बांधावरून कोल्हा कोणत्या महिन्यात जातो, हे तो सांगू शकतो. ते ज्ञान वेळीच टिपून ठेवले नाही, तर ते त्याच्याबरोबरच जाईल.