अदलाबदल अडते कुठे?

माळ्यावर जादा मिक्सर पडून आहे. शेजाऱ्यांना तो हवाय, पण त्यांची छोटी सायकल आपल्या कामाची नाही. सौदा अडला! अदलाबदलीचं अॅप बनवताना खरी गोम हीच. म्हणून अॅपने जोड्यांवर न थांबता साखळ्या शोधाव्यात. प्रत्येक घरापासून, त्याला सर्वाधिक हवी असलेली वस्तू ज्या घरी आहे तिकडे एक बाण काढायचा. घरं मोजकीच, त्यामुळे बाणांमागून जाताना कधीतरी आधीच्याच घरी यावंच लागतं. वर्तुळ पुरं! मिक्सर दुसऱ्याकडे, सायकल तिसऱ्याकडे, तिसऱ्याचा पाळणा आपल्याकडे. ती घरं वगळून उरलेल्यांचे बाण नव्याने काढायचे. ही सुंदर रीत शॅप्ली आणि स्कार्फ या संशोधकांनी 1974 मध्ये मांडली. मूत्रपिंडांच्या अदलाबदलीतही दाते-रुग्णांची अशी वर्तुळं जुळवली जातात.