माइकपुढचा पहिला सूर

बैठकीत गळा तापवायची सोय गाण्यातच असते. विलंबित ख्याल मंद्र-मध्यात रेंगाळतो, तार षड्ज येईपर्यंत बराच वेळ गेलेला असतो. रेकॉर्डिंगला ही सवलत नाही. १९०२ साली गायिका गौहरजान ग्रामोफोनसाठी गायल्या तेव्हा तबकडीवर जेमतेम तीन मिनिटं मावत. आज वेळ कितीही मिळतो, पण माइक तोंडाजवळ असल्याने पहिल्याच सुरातला खरखरीतपणा सुटत नाही. पांढरी सहा पट्टीत गाणाऱ्या बाईच्या मध्य षड्जाला स्वरतंतू सेकंदाला सुमारे २२० वेळा एकमेकांवर आदळतात. थंड स्नायूंकडून एकदम हे मागणं म्हणजे गळ्यावर जबरदस्तीच. म्हणून आधी मिटल्या ओठांनी गुणगुणणं, ओठ फुरफुरवणं, मग खालच्या पट्टीतून हळूहळू वर जाणं. अर्धवट मिटलेल्या तोंडामुळे आत हवेचा दाब राहतो आणि तंतूंची टक्कर सौम्य होते. (गरम पाणी जरूर प्यावं, पण ते अन्ननलिकेत जातं, स्वरतंतूंना स्पर्शही करत नाही.) रोज पहाटे खर्ज लावणाऱ्याला याची काय गरज, असं कुणी विचारेल. रियाजाने गळा घडतो हे खरं. पण तो त्या दिवशी, त्या तासाला जागा झालाय का, हा प्रश्न निराळा. उलट तासभर ताना घोटून स्टुडिओत शिरणारा थकलेला आवाजच घेऊन येतो. गळा तापवायला दहा-पंधरा मिनिटं बहुधा पुरतात.