बाळंतपणात इजा झाली तर

बाई अडली. बाळ उशिरा रडले. त्याचा एक हात लुळा पडला. अशा वेळी घरात काय बोलणे होते? म्हातारी म्हणते, "सटवाईने लिहिलं ते चुकत नाही." तरणा भाऊ दवाखान्याच्या काचा फोडायला निघतो. काचा फोडल्या तर फिर्याद उलट आपल्यावरच होते. तसा २०१० सालचा कायदाच आहे. आणि सटवाईच्या नावाने बसून राहिले तर मुदत निघून जाते.

आमच्या औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची, एक खरी हकीकत ऐका.

सन १९६३, जुलै महिना. एक बाई सरकारी दवाखान्यात बाळंतपणासाठी दाखल झाली. १० तारखेला मुलगा झाला. आता मुले पुरेत म्हणून १३ तारखेला तिचे ऑपरेशन केले. ऑपरेशन साधेच. पण पुढे ताप चढला, पोट दुखू लागले, दुखणे वाढतच गेले. १९ तारखेला दुसऱ्या डॉक्टरांनी पोट पुन्हा उघडले. आत काय निघावे? रक्त टिपायचा टॉवेल! आत पू झाला होता. २४ तारखेला बाई गेली.

नवऱ्याने आणि मुलांनी कोर्टात दावा लावला. खालच्या कोर्टाने ३६,००० रुपये भरपाई ठरविली. सरकार हायकोर्टात गेले आणि तिथे निकाल फिरला. मग ही माणसे दिल्लीला सुप्रीम कोर्टात गेली. १९९६ साली शेवटचा निकाल लागला. तोवर ३३ वर्षे झाली होती. पाळण्यातले पोर बाप्या झाले!

सुप्रीम कोर्ट म्हणाले, पोटात टॉवेल राहतो हीच हयगय. तो नेमका कोणाच्या हातून राहिला हे घरच्यांनी कुठून सांगावे? दवाखाना चालविणे म्हणजे काही लष्कर चालविणे नव्हे. तेव्हा आपल्या नोकरांच्या हयगयीची भरपाई सरकारने द्यावी. ३६,००० कायम झाले. आम्हाला विचाराल तर रक्कम फार थोडी. पण सरकारी दवाखान्यालाही जाब विचारता येतो, हे त्या माणसांनी पक्के करून दिले.

मात्र प्रत्येक इजा ही डॉक्टरची चूक नसते, हेही ध्यानात ठेवा. कधी बाळाचे डोके बाहेर येते आणि खांदा अडकतो. काही मिनिटांत बाळ काढले नाही तर ते गुदमरते. त्या घाईत मानेजवळच्या नसा ताणल्या जातात आणि हात लुळा पडतो. मेंदूला इजा झाली असेल तर ती पोटात असतानाच झाली की बाळंतपणात, हे तज्ज्ञालाच सांगता येते. कोर्ट एवढेच पाहते, की जाणत्या डॉक्टरने घेतली असती ती काळजी घेतली का? बाळाचे ठोके वेळच्या वेळी तपासले का? बाळ घाबरे झालेले दिसूनही सिझेरियनला उशीर केला का? मोठ्या दवाखान्यात वेळेवर पाठविले का?

याची उत्तरे कागदात असतात. म्हणून सगळे केसपेपर मागून घ्या. अर्ज दिल्यावर ७२ तासांत नक्कल द्यावी, असा डॉक्टरांना नियम आहे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. आता तुम्हाला वाचता येते. न वाचता कुठेही सही करू नका.

पैसे घेणारा दवाखाना असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. ती दोन वर्षांच्या आत करावी. दवाखान्याला पाच लाखांपर्यंत पैसे दिले असतील तर तक्रारीला फी नाही. जिथे सगळ्यांनाच फुकट उपचार मिळतो, तिथे हा कायदा चालत नाही. तिथे दिवाणी कोर्टात जावे लागते, आणि सरकारवर दावा लावण्याआधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. फौजदारीच्या मागे फार लागू नये, असे आमचे मत. हयगय फारच ढळढळीत असेल तरच डॉक्टरवर फौजदारी चालवावी, असे सुप्रीम कोर्टाने २००५ साली सांगितले आहे. भरपाई मात्र मुलाला मिळते, तशी आईबापालाही मिळू शकते.

वकिलाला पैसे कुठून आणायचे? बाईला आणि लहान मुलाला सरकारी खर्चाने वकील मिळतो. उत्पन्न किती, हे विचारले जात नाही. जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचे ऑफिस असते, तिथे जावे. फोनचा नंबर १५१००.

दावा चालेल तसा चालेल. लेकराचा हात मात्र तारखेची वाट पाहत नाही. डॉक्टर दाखवतील तसा व्यायाम पहिल्या महिन्यापासून रोज करावा. पुष्कळ मुलांचा हात यानेच सुधारतो. तीन महिने होऊनही बाळ आपणहून कोपर वाकवीत नसेल, तर आणखी वाट न पाहता मोठ्या दवाखान्यात नसांच्या तज्ज्ञाला दाखवावे. आणि दर खेपेचा कागद केसपेपरच्याच पिशवीत ठेवावा.