सूप, ओढणी आणि मुलांचा नाच

शाळेचं गॅदरिंग जवळ आलं, की घराघरांतून एकच गाणं दिवसभर वाजू लागतं. समोर आई, काकू किंवा शेजारची ताई उभी असते. तिनं हात वर केला की मुलांनी वर करायचा, तिनं गिरकी घेतली की मुलांनी घ्यायची. आमच्या वाईच्या मुलांना तर सिनेमाचं वेड जरा जास्तच. मेणवलीच्या घाटावर किती चित्रपटांची शूटिंगं झाली! २००४ सालचा ‘स्वदेस’ तिथलाच. त्यामुळे पडद्यावरचा नाच आमच्या पोरांना अगदी घरचा वाटतो.

नक्कल करण्यात वाईट काही नाही. पण सहा वर्षांच्या मुलीनं मोठ्या बाईसारखी कंबर लचकवावी आणि आपण कौतुकानं टाळ्या वाजवाव्यात, हे मला तरी बरं वाटत नाही. शिवाय गाणं बंद झालं, की त्या मुलीला पुढं काहीच सुचत नाही. नाच तिचा नसतोच मुळी!

मुलांनी स्वतः सुचून केलेल्या नाचाला सर्जनशील नृत्य असं भारदस्त नाव आहे. रुडॉल्फ लाबान यांनी १९४८ साली इंग्लंडमध्ये शाळेतल्या नृत्यशिक्षणावर एक पुस्तक लिहिलं. ठरलेली पावलं घोटून घेण्यापेक्षा हालचाल जड की हलकी, झटक्याची की संथ, कुठल्या दिशेची, हे मुलांना अंगानं कळू द्यावं, असा त्यांचा विचार. आपल्याकडे बायकांच्या खेळांत हे थोडंफार होतंच की! मंगळागौरीत सूप घेऊन फुगडी, लाटणं घेऊन फुगडी. कोंबडा, होडी, गाठोडं. हादग्याला पाटावरच्या हत्तीभोवती फेर. तेव्हा या नाचाच्या सामानासाठी बाजारात जायला नको, ते घरातच आहे.

मुलाच्या हातात सूप द्या. पण ‘नाच’ म्हणू नका. ‘यात तांदूळ आहेत, पाखडून दाखव बरं,’ एवढंच म्हणा. मग, ‘आता यात पावसाचं पाणी साठलंय, सांडू न देता पलीकडे ने.’ मग, ‘आता हीच कासवाची पाठ.’ तिन्ही वेळा अंग वेगवेगळं चालतं, आणि ते मुलाचं त्यालाच उमगतं. ओढणीचं तसंच. वर उडवायची आणि ती खाली येईपर्यंत तिच्याच गतीनं आपणही जमिनीवर यायचं. धीर नसलेल्या मुलांना हे फार अवघड जातं, म्हणून तर करून घ्यावं. एखादी जुनी निळी साडी दोघांनी दोन टोकांना धरली, की झाली कृष्णा. उन्हाळ्यातली कशी आणि धोमचं पाणी सोडल्यावरची कशी, हे वाईच्या मुलांना सांगावं लागत नाही.

पथ्य एकच, आणि तेच आपल्याला जड जातं. स्वतः करून दाखवायचं नाही. तुम्ही हात हलवलात, की दहाच्या दहा मुलं तसाच हात हलवणार. तुम्ही फक्त विचारायचं आणि ठेका धरायचा.

आता जपायच्या गोष्टी. ओढणी हातातच असावी, गळ्यात कधीही गुंडाळू नये. इसाडोरा डंकन ही जगप्रसिद्ध नर्तिका १९२७ साली नीस शहरात मोटारीच्या चाकात गळ्यातला स्कार्फ अडकून गेली. टिपऱ्या किंवा लेझीम असेल, तर हात पसरूनही शेजाऱ्याला लागणार नाही एवढं अंतर ठेवा. शहाबादी फरशीवर मोजे घालून नाचू देऊ नये, पाय सटकतो. अनवाणी बरं.

फुगडीबद्दल मुद्दाम सांगते. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना मनगटाला धरून गरगर फिरवू नका. आजोबा-मामांना हा खेळ फार आवडतो. पण एवढ्या लहान वयात हात ओढला गेला, तर कोपराचं हाड जागेवरून सरकू शकतं. मूल एकदम रडतं आणि तो हात हलवेनासं होतं. तसं झालं, तर घरी चोळत बसू नका, डॉक्टरांकडे न्या. फुगडी मोठ्या मुलांची. तीसुद्धा वेग कमी केल्यावरच सोडायची.

आणि ताण देण्याचे व्यायाम. यात आपण बायका जरा चुकतो बरं का! मुलगी पाय पसरून बसली की पाठीवर हात ठेवून तिला खाली दाबायचं, आणि ती रडली तर ‘सवय होईल’ म्हणायचं. असं दाबू नये. आधी आठ-दहा मिनिटं चालणं, उड्या, हात फिरवणं. अंग गरम झाल्यावरच ताण. तळपायाला तळपाय लावून फुलपाखरू, ओणवं होऊन मांजरासारखी पाठ वर-खाली, एवढं पुरे. पंधरा-वीस सेकंद थांबायचं, श्वास चालू ठेवायचा, हिसके द्यायचे नाहीत. ओढल्यासारखं वाटलं तर चालेल. टोचलं किंवा दुखलं की तिथंच थांबायचं. कुठवर जायचं ते मुलानं ठरवायचं.

दहा ते चौदाच्या दरम्यान मुलं भराभर उंच होतात. हाडं पुढं जातात, स्नायू मागं राहतात. कालपर्यंत पायाचे अंगठे धरणारी मुलगी आज धरू शकत नाही. तो आळस नव्हे, तिला टोचून बोलू नका. गुडघा किंवा टाच दुखत असेल, तर उड्या बंद ठेवा. दुखणं राहिलंच तर डॉक्टरांना दाखवा. उलट एखादं मूल रबरासारखं वाकतं. त्याला चारचौघांत वाकवून दाखवायची हौस नको. अशा मुलांना आणखी ताणण्यापेक्षा बळ येईल असे व्यायाम हवेत.

एखादं मूल भिंतीला टेकून नुसतं बघत बसतं. त्याला हाताला धरून ओढू नका, टाळ द्या. ठेका धरता धरता ते आपणच उठतं. नाही उठलं, तरी त्याचं ठेक्याचं काम चाललेलंच असतं. गॅदरिंगला नाच बसवायचा झाला, तर मुलांनी महिनाभरात जे काही केलं, त्यातल्या तीन-चार गोष्टी त्यांच्याकडूनच निवडून घ्या आणि त्याच क्रमानं लावा. कपडेपटाचा खर्चही वाचतो; सूप घरचं, साडी आजीची.